सोडतीनंतरची सोडत

आमच्याकडे सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या फोनमध्ये एक मेसेज अजून जपून ठेवलेला आहे. 'अभिनंदन' या शब्दाने सुरू होणारा. एका सरकारी सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटातून त्यांना घर लागलं, तेव्हाचा. त्या दिवशी पीठ मळायच्या आधी त्यांनी पेढ्यांचा पुडा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "वहिनी, आधी तोंड गोड करा, मग पोळ्या." तिसऱ्या खेपेला नाव निघालं होतं. घर मुंबईच्या हद्दीत, लिफ्टच्या इमारतीत, किंमत तीस लाखांच्या आसपास.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्यासोबत एका बँकेत गेले. त्यांच्या हातात निळी प्लॅस्टिकची फाइल होती. आधार, पॅन, अधिवासाचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, देकार पत्र (घर देऊ केल्याचं सरकारी पत्र), प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. कर्ज विभागातला मुलगा नीट बोलला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग त्याने सॅलरी स्लिप मागितली. ताईंची कमाई सहा घरांच्या पोळ्यांची, महिन्याला बावीस हजार, सगळी रोख. आयटी रिटर्न कधी भरलेला नाही. त्यांचे यजमान कुरिअरच्या गोदामात कंत्राटावर. ओव्हरटाइम धरून हातात १९ हजार येतात, स्लिपवर १६. त्या १६ हजारांवर बँकेच्या हिशोबाने हप्ता बसला ८ हजारांचा आणि तेवढ्या हप्त्यात वीस वर्षांसाठी कर्ज निघालं जेमतेम ९ लाखांचं. उरलेले २१ लाख कुठून आणणार, हे त्याने विचारलं नाही. ताईंनी फाइलचं बटण लावलं आणि आम्ही बाहेर आलो.

त्यानंतरचे दीड महिने त्यांनी काय काय केलं हे मी जवळून पाहिलं. पाटल्या सोनाराकडे नेऊन वजन करून आणल्या. गावाकडच्या दिराशी जमिनीच्या वाट्याचं बोलणं काढलं आणि त्यावरून घरात अबोला आला. एका पतपेढीत चौकशी केली, तिथला व्याजदर ऐकून परत आल्या. शेवटी घर परत केलं. ज्या तहसीलदारांच्या दाखल्याने त्यांना सोडतीत पात्र ठरवलं होतं, त्या दाखल्याकडे बँकेने पाहिलंसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे की आपल्याकडे घरांच्या सोडती दोन होतात. पहिली सभागृहात होते, पडद्यावर नावं झळकतात, टाळ्या वाजतात. दुसरी बँकेच्या टेबलावर होते आणि तिचा निकाल कुठेच जाहीर होत नाही. परवडणारं घर खरोखर कुणाला परवडतं, हे ठरतं ते दुसऱ्या सोडतीत. पहिल्या सोडतीत नशिबाला वाव आहे, तिथे सगळे समान आहेत. दुसरीत गटातल्या सगळ्यात वरच्या पायरीवरचा माणूसच निभावतो.

गट कसे आखलेत ते आधी पाहू. मे २०२२ मध्ये राज्य सरकारने उत्पन्नाच्या मर्यादा बदलल्या. मुंबई महानगर प्रदेश, पुणे, नागपूर आणि दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम आणि त्यापुढे उच्च. कुटुंब म्हणजे पती आणि पत्नी. याआधी अत्यल्प गटाची मर्यादा महिन्याला २५ हजार होती, म्हणजे वर्षाला ३ लाख. ती थेट दुप्पट झाली. मर्यादा वाढल्या तेव्हा स्वागत झालं, कारण पगारदार पण घर नसलेल्या कितीतरी लोकांना अर्ज करता यायला लागला. ते चांगलंच झालं. पण त्यातून एक गोष्ट घडली जिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. महिन्याला १८ हजार कमावणारं कुटुंब आणि ५० हजार कमावणारं कुटुंब एकाच रांगेत, एकाच किमतीच्या घरासमोर उभं राहिलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, मुंबई सोडतीत चार हजारांहून थोडी जास्त घरं होती. त्यातली जवळपास निम्मी, म्हणजे १,९४७, गोरेगावच्या पहाडी भागात प्रधानमंत्री आवास योजनेतली अत्यल्प गटाची. क्षेत्रफळ ३२२ चौरस फूट, केंद्र आणि राज्याचं अडीच लाखांचं अनुदान वजा जाता किंमत ३० लाखांच्या वर. त्याच वर्षी या योजनेची उत्पन्नमर्यादाही मुंबई महानगरासाठी ३ लाखांवरून ६ लाखांवर नेली गेली. का नेली असेल? ३ लाख कमावणाऱ्याला हे घर घेता येणं शक्यच नव्हतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं. घराची किंमत माणसाच्या आवाक्यात आणणं अवघड गेलं, म्हणून जास्त कमावणाऱ्या माणसाला गटात घेतलं.

आता साधा हिशोब. ३० लाखांचं घर, ९० टक्के कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता येतो २३ हजार ४०० च्या आसपास. महिना ५० हजार कमावणाऱ्या कुटुंबाच्या उत्पन्नातले ४७ टक्के गेले. ताईंच्या घरात रोखीचे सगळे पैसे धरूनही महिना ४१ हजार, तिथे ५७ टक्के. आणि जुन्या मर्यादेतला, २५ हजारांवाला, तो आपल्या पगारातले ९४ टक्के हप्त्यात घालेल आणि उरलेल्या दीड हजारात महिना काढेल. तिघंही कागदावर एकाच गटात. तिघांनाही 'अभिनंदन'चा तोच मेसेज येऊ शकतो.

परवडणं म्हणजे काय, याचं मोजमाप आपल्याकडे कधी झालंच नाही असंही नाही. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्र सरकारच्या समितीने २००८ मध्येच परवडण्याचं नातं उत्पन्नाशी जोडलं होतं. गरीब आणि अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी घराची किंमत वार्षिक उत्पन्नाच्या साधारण चौपटीच्या आत आणि हप्ता किंवा भाडं महिन्याच्या कमाईच्या तीसेक टक्क्यांत. ६ लाखांच्या चौपट होतात २४ लाख. ३ लाखांच्या चौपट १२ लाख. या मापाने पाहिलं तर ३० लाखांचं घर अत्यल्प गटात अगदी वरच्या कडेला बसलेल्या कुटुंबालाही बसत नाही, खाली असलेल्यांचं तर नावच नको. आपण मात्र मोजमाप बाजाराशी करतो. शेजारच्या टॉवरमध्ये असंच घर साठ लाखांना आहे, सोडतीत तीसला मिळतंय, म्हणजे स्वस्त. स्वस्त आहेच, त्यात वाद नाही. पण साठ लाखांच्या निम्मी किंमत ही ज्याच्याकडे तीस लाख उभे करायची ताकद आहे त्याच्यासाठी सवलत आहे. ज्याच्याकडे नऊच उभे राहतात त्याला साठ काय आणि तीस काय, अंतर पोहून जाण्यासारखं नाही.

अत्यल्प गटाबद्दल मी सविस्तर लिहिते आहे कारण जखम तिथे खोल आहे. पण वरच्या गटांमध्येही किंमत आणि उत्पन्न यांची गाठ पडत नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने २०२४ च्या दसऱ्याला नवी मुंबईतल्या २६ हजार घरांची योजना जाहीर केली. नोंदणी सुरू झाली तेव्हा किमती जाहीर झाल्या नव्हत्या. लोकांनी मोठ्या आशेने नोंदणी केली, लाखाच्या वर. जानेवारी २०२५ मध्ये किमती आल्या. अल्प उत्पन्न गटात वाशीच्या ट्रक टर्मिनलजवळचं घर ७४ लाखांच्या वर, खारघर रेल्वे स्थानकाजवळचं ९७ लाखांच्या वर. फेब्रुवारीत सोडत झाली तेव्हा पैसे भरून रिंगणात उरलेले अर्जदार होते सुमारे २१ हजार. घरांपेक्षा अर्जदार कमी. या महानगरात घराची गरज संपली होती का? लोकांनी घरी बसून वजाबाकी केली आणि ते बाजूला झाले. म्हाडाच्या व्याख्येप्रमाणे अल्प गटाची वरची मर्यादा ९ लाख. ७४ लाख म्हणजे त्याच्या आठ पटींहून जास्त. ऐंशी टक्के कर्ज मिळालं तरी हप्ता ५१ हजारांच्या पुढे जातो आणि खिशातले पंधरा लाख आधी काढावे लागतात. महिना ७५ हजार मिळवणाऱ्या कुटुंबाने हे कसं करायचं, याचं उत्तर योजनेच्या माहितीपुस्तिकेत असायला हवं होतं.

मध्यम गटाचं दुखणं वेगळं आहे. त्यांना कर्ज मिळतं, स्लिप असते, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, नीट असतो. ते अडतात आधी भरायच्या रकमेवर. देकार पत्र आलं की ठरावीक दिवसांत किमतीचा पहिला मोठा टप्पा भरायचा, मग मुद्रांक शुल्क, नोंदणी, कधी वर्षाचा मेंटेनन्स आगाऊ. घराचं भाडं, मुलांच्या फिया आणि म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं सांभाळून पंधरा-वीस लाख बाजूला टाकलेले असतील, तरच हे जमतं. तिथेही मग निवड झाली ती उत्पन्नाने नाही, माहेर-सासरच्या पाठबळाने.

उच्च गटात तर आकड्यांचा अर्थच हरवतो. २०२३ च्या त्याच सोडतीत ताडदेवच्या क्रिसेंट टॉवरमधली घरं होती, किंमत साडेसात कोटींच्या वर. उच्च गट सुरू होतो महिना एक लाखाच्या उत्पन्नापासून. या घरासाठी ७५ टक्के कर्ज काढलं तर हप्ता महिना ४ लाख ९० हजारांच्या घरात जातो. एका आमदारांना तिथे घर लागल्याची बातमी झाली होती. त्यांनी ते घेतलं नाही. तिथली न गेलेली घरं पुढच्या सोडतीत परत आली. त्याच्या आधी, २०१८ च्या सोडतीत कंबाला हिलच्या पाच कोटींवरच्या घरांचंही असंच झालं होतं. ही घरं जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातून खासगी विकासकांकडून म्हाडाला मिळालेली असतात, म्हाडाने ती बांधलेली नसतात, हे मान्य. पण सरकारी गृहनिर्माण संस्थेला सार्वजनिक हक्काने मिळालेलं घर साडेसात कोटींना सोडतीत ठेवायचं आणि त्याला 'परवडणाऱ्या घरांची सोडत' म्हणायचं, यात शब्दाचा अपमान आहे. त्यापेक्षा अशी घरं सरळ खुल्या लिलावात विकावीत आणि आलेला प्रत्येक रुपया त्याच वर्षीच्या अत्यल्प गटाच्या किमती उतरवायला लावावा. तो हिशोब जाहिरातीत छापावा. वरच्या गटाच्या नफ्यातून खालच्या गटाला सवलत दिली जाते, असं नेहमी सांगितलं जातं. दिली जात असेल तर ती रुपयांत दाखवायला अडचण काय?

ऑक्टोबर २०२४ च्या मुंबई सोडतीचे आकडेही बोलके आहेत. एकूण २,०३० घरं. अत्यल्प गटाला ३५९, अल्पला ६२७, मध्यमला ७६८, उच्चला २७६. म्हणजे निम्म्याहून जास्त घरं वरच्या दोन गटांना. पात्र अर्ज एक लाख तेरा हजारांवर. २०११ च्या जनगणनेत ज्या शहरातले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत मोजले गेले, तिथल्या सार्वजनिक सोडतीत सगळ्यात खालच्या गटाच्या वाट्याला शंभरातली अठरासुद्धा घरं आली नाहीत.

त्या सोडतीत आणखी एक गोष्ट झाली आणि तिचं महत्त्व मला फार वाटतं. अर्ज भरणं सुरू झाल्यावर ओरड झाली. शहर भागातली अल्प गटाची काही घरं कोटींत गेली होती. मग ऑगस्टच्या शेवटी सरकारने विकासकांकडून मिळालेल्या ३७० घरांच्या किमती उतरवल्या. अत्यल्प गटाला २५ टक्के, अल्पला २०, मध्यमला १५, उच्चला १०. मुदतही वाढवली. म्हणजे जी किंमत काल रेडी रेकनरच्या (सरकारी जमीन-दरांच्या तक्त्याच्या), बांधकाम खर्चाच्या आणि नियमांच्या नावाने अटळ होती, ती आज एका निर्णयाने पाव हिश्शाने खाली आली. मी या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं. पण त्याने एक झाकण कायमचं उघडलं. किंमत ही जमिनीतून उगवत नाही, ती कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं.

याचा याहून मोठा पुरावा गिरण्यांच्या जमिनीवर उभा आहे. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांनी तीन दशकं मोर्चे काढले, तेव्हा कुठे त्याच जमिनींवर त्यांच्यासाठी घरं झाली. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. नंतरच्या सोडतींत साडेनऊ लाख. लोअर परळ, वडाळा, काळाचौकी, जिथे बाजारात त्या पैशांत गाडी उभी करायची जागा मिळणार नाही, तिथे हे झालं. तिथली जमीन काही कमी महाग नव्हती. सरकारने ठरवलं की हे घर कामगाराच्या खिशाकडे बघून द्यायचं आणि किंमत तिथून मागे मोजत आणली. घरं फार कमी पडली, दीड लाखांवर कामगार आणि वारस अजून वाट बघत आहेत, तो अन्याय स्वतंत्रपणे लिहिण्यासारखा आहे. पण ज्यांना मिळालं त्यांच्या बाबतीत पहिल्या सोडतीनंतर दुसरी सोडत फारशी झाली नाही, कारण साडेसात लाख उभे करणं निवृत्त कामगाराच्या घरालाही कसंबसं का होईना जमत होतं.

इथे एक जण हमखास म्हणतो, मुंबईतच कशाला, लांब घ्या, तिथे स्वस्त आहे. लांब घेऊन पाहिलं. विरार-बोळींजला म्हाडाने दहा हजारांच्या आसपास घरं बांधली. त्यातली हजारो वर्षानुवर्षं पडून राहिली, सोडतीमागून सोडती झाल्या, शेवटी 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणून विकायला काढली. पाण्याची बोंब होती हे एक कारण. दुसरं कारण हप्त्याच्या कागदावर दिसत नाही. पोळ्या करणाऱ्या बाईची सहा घरं सकाळी सातला सुरू होतात. ती विरारहून दादरला येणार कशी, स्वतःच्या घरचं उरकून निघाली तर दोन घरं सुटतात, आणि दोन घरं सुटली की तिच्या उत्पन्नातले सात-आठ हजार गेले. घर तिच्या कामापासून तोडलं की घराची किंमत कमी होते आणि तिची कमाईही. याउलट ठाणे-कल्याणकडे खासगी प्रकल्पांत २० टक्के घरं राखीव ठेवायची जी योजना आहे, त्या घरांसाठी म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतींत अर्जांचा पाऊस पडतो. वस्तीत आहेत, स्टेशन जवळ आहे आणि किंमत झेपेल अशी आहे. लोकांना फुकट नको आहे. जिथे गणित बसतं तिथे ते रांगा लावतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उत्पन्नाचे दाखले खोटे असतात, कागदावर पाच लाख दाखवणारा रोखीने तीस लाख भरतो, तेव्हा गरिबांच्या नावाने किंमत उतरवली तर फायदा अशाच माणसाला होईल. हा धोका खरा आहे. पण आजची व्यवस्था त्याला अडवत नाही, उलट त्याच्यासाठीच रस्ता मोकळा करते. अत्यल्प गटात ३० लाख ठेवले की खरा गरीब बँकेच्या दारातून परततो, घर प्रतीक्षा यादीवर जातं आणि तिथून ते पुढे सरकत सरकत अशा माणसाकडे पोचतं ज्याचं उत्पन्न कागदावर कमी आणि घरात जास्त आहे. किंमत जितकी गटाच्या कुवतीबाहेर, तितकं ते घर गटाबाहेरच्या माणसाच्या जवळ. घर परत किती जणांनी केलं, कुठल्या गटात, कर्ज नाकारलं म्हणून किती, हे आकडे प्रत्येक सोडतीनंतर जाहीर झाले तर या वादाचा निकाल वर्षभरात लागेल. आज आपल्याला विजेत्यांची यादी मिळते. शेवटी किल्ली कुणाच्या हातात गेली, त्याची यादी मिळत नाही.

वाट पाहण्याचीही किंमत असते. गोरेगावच्या पत्राचाळीतल्या घरांसाठी २०१६ च्या सोडतीत ३०६ विजेते ठरले आणि त्यांना ताब्यासाठी जवळजवळ आठ वर्षं थांबावं लागलं. आठ वर्षं भाडं भरत, दर अकरा महिन्यांनी करार बदलत. पस्तिशीत घर लागलेल्या माणसाचं वय तोवर त्रेचाळीस, म्हणजे कर्जाची वीस वर्षं त्याच्या निवृत्तीच्या पलीकडे जातात, मुदत कमी होते आणि हप्ता वाढतो. नोकरदाराला हे झेपत नाही, मग रोजंदारीवरच्या माणसाचं काय होत असेल.

माझ्या मते मूळ चूक याहून जुनी आहे. या शहरात सार्वजनिक घर म्हणजे मालकीचंच घर, असं आपण कधीतरी ठरवून टाकलं. तसं ते पूर्वी नव्हतं. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला सरकारच्या २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सगळ्या भाड्याच्या. १९४८ मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं आणि त्याने औद्योगिक कामगारांसाठी विक्रोळीपासून गोरेगावपर्यंत ज्या वसाहती बांधल्या, त्याही सुरुवातीला भाड्याच्याच होत्या. त्या खोल्यांमध्ये राहून लोकांनी मुलं शिकवली, बहिणींची लग्नं केली, आणि कुणाला तीस लाख एकदम उभे करावे लागले नाहीत. भाडं पगारातून जात होतं. नंतर त्या वसाहती रहिवाशांच्या मालकीच्या झाल्या, त्यांचं भलं झालं, मला त्याचा आनंद आहे. पण सरकारच्या हातातला भाड्याच्या घरांचा साठा संपला आणि नवा कुणी उभा केला नाही. मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने, एमएमआरडीएने, २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली होती, काही वर्षांत ती गुंडाळली गेली.

मालकीच्या घरात आणखी एक गळती आहे. सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही. पाच वर्षांनी ते बाजारभावाने विकता येतं. म्हणजे सार्वजनिक जमिनीवरची, सार्वजनिक पैशांतली सवलत एका कुटुंबाला एकदाच मिळते आणि घर कायमचं बाजारात जातं. ज्याने घेतलं त्याला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तेच घर म्हाडाच्या मालकीत राहून उत्पन्नाच्या पाव हिश्शाइतक्या भाड्याने दिलं असतं, तर पन्नास वर्षांत तीन-चार कुटुंबं त्यातून वर आली असती. ताईंच्या ४१ हजारांवर पाव हिस्सा म्हणजे १० हजार. आज त्या साडेनऊ हजार भाडं भरतात, पत्र्याच्या खोलीला, पोटमाळ्यासकट शंभर फूट, संडास गल्लीच्या टोकाला. अकरा वर्षांत एक महिना चुकलेला नाही.

मे २०२५ मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं, 'माझे घर माझा अधिकार' या नावाने, २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट घेऊन. उद्दिष्ट मोठं आहे आणि ते पुरं व्हावं असंच मला वाटतं. पण घरांची संख्या मोजताना ती कुठल्या उत्पन्नाच्या माणसाला झेपतील हे शेजारी लिहिलं गेलं नाही, तर बोळींजसारखी रिकामी घरं आणि ताईंसारखी घर परत करणारी माणसं एकाच वेळी वाढतील.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. अत्यल्प गटाचे निदान दोन भाग करावेत, ३ लाखांपर्यंत आणि ३ ते ६ लाख, आणि खालच्या भागासाठी वेगळी किंमत, नाहीतर भाड्याचं घर. रोख कमाई करणाऱ्यांना सोडतीआधीच कर्जाची तत्त्वतः मंजुरी मिळेल अशी सोय बँकांशी बोलून करावी, आणि सलग भाडं भरल्याचा पुरावा कर्जासाठी ग्राह्य धरावा. ज्या तहसीलदारांचा दाखला सोडतीत चालतो तो कर्जातही चालत नसेल, तर त्याच्या जोडीला राज्य सरकारने हमी उभी करावी. आणि किमती अर्ज भरायच्या आधी, पहिल्याच दिवशी जाहीर व्हाव्यात.

जाहिरातीत घराच्या किमतीशेजारी एकच रकाना वाढवावा: या घराचा हप्ता झेपण्यासाठी महिना किमान किती उत्पन्न लागेल, आणि आधी किती रक्कम हातात असायला हवी. ३० लाखांच्या त्या घरासमोर, हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्क्यांपर्यंत ताणला तरी, ५८ हजार लिहावं लागेल. अत्यल्प गटाची मर्यादा आहे ५० हजार. हा रकाना छापला तर जाहिरात काढणाऱ्यालाच ते छापण्याआधी किंमत परत पाहावी लागेल, आणि पाटल्यांचं वजन करायला सोनाराकडे जाण्याआधी ताईंनाही कळेल की फॉर्म भरायचा की नाही.